बैलाची लाळ दिसते, आपली दिसत नाही

पोळा जवळ आला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट वाढतात. शिंग लागलेले आणि 'मळमळायलंय' म्हणणारे. पहिल्यांचं सोपं असतं. जखम धुवायची, टाके घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं. आजचा लेख दुसऱ्यांबद्दल आहे. नायगाव भागात याच दिवसांत कापूस आणि सोयाबीनवर फवारणी जोरात चाललेली असते, आणि मळमळणाऱ्यांपैकी काही जण थेट रानातून आलेले असतात.

आधी एक गोष्ट विचारतो. तुमच्या गोठ्यातल्या बैलाच्या तोंडातून सकाळी लाळेची तार लोंबताना दिसली तर तुम्ही काय कराल? हातातला चहा खाली ठेवाल, त्याचं तोंड उघडून जीभ बघाल, खूर बघाल आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावाल. लाळ्या-खुरकूत आलं की काय, ही शंका शेतकऱ्याच्या मनात एका क्षणात येते. आता दुपारी चार वाजता पाठीवरचा पंप उतरवताना तुमच्या स्वतःच्या तोंडात पाणी भरून येतंय, थुंकून थुंकून कंटाळा आलाय. मग काय करता? बाहीनं तोंड पुसता आणि उरलेल्या चार तासांचं, म्हणजे ओळींचं, काम संपवता.

माझं म्हणणं एवढंच आहे की बैलाच्या लाळेला आपण जो मान देतो तो माणसाच्या लाळेला द्यायला हवा. डॉक्टरांनीसुद्धा. त्याचं कारण कळण्यासाठी लाळ येते कुठून हे थोडं सविस्तर बघू.

आपल्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. पहिली कानाच्या पुढे आणि खाली. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. तिची नळी गालातून आत येते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. तिथं जीभ लावून बघा, बारीकसा उंचवटा लागेल. दुसरी जबड्याच्या हाडाखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या आहेत. कानाजवळच्या ग्रंथीची लाळ पाण्यासारखी पातळ असते, जिभेखालची चिकट, आणि जबड्याखालची दोन्हींच्या मधली. दिवसभरात साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि आपण ती नकळत गिळत असतो.

या ग्रंथीचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काय दिसतं? पुस्तकात द्राक्षाच्या घडाची उपमा असते. आपल्याकडे ज्वारीचं कणीस जास्त जवळचं. एकेक दाणा म्हणजे पेशींचा एक गोल पुंजका, मध्ये पोकळी असलेला. दाण्याचा बारीक देठ म्हणजे छोटी नळी. असे देठ एकमेकांना मिळत मिळत मधल्या दांड्याला येतात आणि तो दांडा तोंडात उघडतो. रस दाण्यात तयार होतो. वाटेत नळीच्या भिंती त्यातलं मीठ काढून घेतात आणि त्यात खारेपणा मारणारा सोड्यासारखा क्षार मिसळतात. लाळ खारट लागत नाही ती यामुळे.

आता पोटात जाऊ. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीचं स्वादुपिंड आडवं पडलेलं असतं. मधुमेहामुळे हे नाव घरोघरी पोचलंय; पण इन्सुलिन बनवणारा भाग या पिंडात अगदी थोडा आहे, शंभरातले एक-दोन भाग. बाकी सगळं पिंड पुन्हा तेच ज्वारीचं कणीस. दाणे, देठ, दांडा. दांडा उघडतो तो लहान आतड्याच्या सुरुवातीला, पित्ताच्या नळीबरोबर. जर्मन भाषेत स्वादुपिंडाचं नावच 'पोटातली लाळग्रंथी' अशा अर्थाचं आहे, आणि ते मला आपल्या नावापेक्षा जास्त नेमकं वाटतं. (गालगुंडाच्या विषाणूलाही हे नातं माहीत असावं. कानाखालची ग्रंथी सुजवता सुजवता तो कधीकधी स्वादुपिंडालाही धरतो.)

दोन्ही ग्रंथींच्या कामातही सारखेपणा आहे. ज्वारीची भाकरी नुसती, कोरड्यासाशिवाय, दोन मिनिटं चावत राहा. गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज हे विकर पिठाची साखर करतं. घास जठरातल्या आम्लात गेला की हे काम थांबतं, आणि पुढे आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते पूर्ण करतं. स्वादुपिंड मात्र त्याहून धोकादायक सामानही बनवतं. चरबी फोडणारं लायपेज आणि मांस, डाळ, अंडं यांतली प्रथिनं फोडणारी विकरं. प्रथिन फोडणारी विकरं स्वादुपिंडालाही फोडू शकतात, कारण तेही प्रथिनांचंच बनलेलं आहे. म्हणून ती कुलूप लावलेल्या अवस्थेत तयार होतात. किल्ली आतड्याच्या भिंतीत असते. रस आतड्यात पोचला की कुलूप उघडतं, त्याआधी नाही. कुलूप आतच उघडलं तर पिंड स्वतःलाच पचवायला लागतं, आणि त्याला आपण स्वादुपिंडाचा दाह म्हणतो. दारू आणि पित्ताचे खडे ही त्याची नेहमीची कारणं. तिसरं, कमी बोललं जाणारं कारण आपल्या रानात आहे.

या दाण्यांना रस सोडायचा हुकूम कोण देतं? लाळग्रंथींचा कारभार जवळजवळ पूर्णपणे नसांच्या हातात आहे. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं ते त्यामुळे. स्वादुपिंडाला दोन मालक आहेत. आतड्यातून रक्तात येणारी संप्रेरकं आणि मेंदूकडून येणारी व्हेगस नस. रशियाच्या पावलॉव्हनं या नसेचा हुकूम स्वादुपिंडावर चालतो हे कुत्र्यांवर दाखवलं. त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या या अभ्यासासाठी. घंटा आणि लाळेची गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहिली एवढंच. संप्रेरकांची बाजू १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीनं शोधली.

नस दाण्याजवळ पोचली की तिच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. हाच हुकूम. दाणा रस सोडतो. लगेच, सेकंदाच्या बारीकशा भागात, कोलीनएस्टरेज नावाचं दुसरं रसायन त्या हुकमाचा कागद फाडून टाकतं. म्हणून घास गिळला की लाळ आटोक्यात येते. लाळ, घाम, अश्रू, जठर, आतडं, श्वासनळीतला चिकट स्राव, स्वादुपिंड, सगळीकडे हीच पद्धत.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही नावं तुम्ही कृषी सेवा केंद्रात ऐकली असतील. ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत. या गटाचं एकच मुख्य काम आहे, कागद फाडणाऱ्याचे हात बांधणं. किड्यात तेच, माणसात तेच. हुकूम सुटत राहतो, फाडला जात नाही, आणि दाणे रस सोडत राहतात. तोंड भरून येतं, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम, उलटी, जुलाब, कपड्यात लघवी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. स्नायू उडायला लागतात. शेवटी श्वासनळ्या आपल्याच पाण्यानं भरतात आणि श्वासाचे स्नायू थकतात. मरण येतं ते श्वासाचं. लाळ त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. हे विष पिण्याचीही गरज नाही. ओल्या शर्टाखालच्या कातडीतून ते आत जातं.

माझी चूक सांगतो. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. संध्याकाळी सातच्या सुमारास रोजंदारीवर फवारणी करणारा एक तिशीचा माणूस आला. "साहेब, ऊन लागलंय, नुसतं मळमळायलंय, तोंडाला पाणी सुटायलंय." मी नाडी बघितली, पोट दाबलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तो सलाईन चालू असताना तीनदा उठून बाहेर थुंकून आला. मला थुंकण्याचा राग आला, अर्थ कळला नाही. बाहुल्या मी बघितल्याच नाहीत. कपडे तेच अंगावर होते, वास येत होता, आणि त्या दिवसांत तो वास अर्ध्या पेशंटांना येतो म्हणून माझं नाक त्याला सरावलं होतं. रात्री साडेदहाला त्याला बाजेवर घालून परत आणलं तेव्हा तोंडातून फेस येत होता. जमेल तेवढं ॲट्रोपिन देत नांदेडला पाठवलं. तासाभराचा रस्ता. तो वाचला, पण अनेक दिवस व्हेंटिलेटरवर राहून.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पोट धरलं. बेंबीच्या वर, आरपार पाठीत जाणारी कळ, पुढे वाकून बसलं की थोडी कमी. अमायलेज तपासलं, खूप वाढलेलं. इथे एक गंमत आहे आणि ती डॉक्टरांनाही फसवते. अमायलेज लाळग्रंथीतूनही येतं. ज्याच्या लाळग्रंथी तीन दिवस ओव्हरटाइम करत होत्या त्याच्या रक्तात ते वाढणारच. तेवढ्यावरून स्वादुपिंडाला दोष देता येत नाही. लायपेज मात्र मुख्यतः स्वादुपिंडाचं. तेही वाढलेलं निघालं आणि सोनोग्राफीत पिंड सुजलेलं दिसलं. थांबा न म्हणणाऱ्या हुकमानं दाण्यांना पिळलं होतं. शिवाय हे विष नळीच्या तोंडाशी असलेला स्नायूही आवळतं, म्हणजे रस जास्त आणि वाट अरुंद. बहुतेकांत असा दाह सौम्य असतो आणि उपाशी ठेवून, सलाईनवर उतरतो. पण फवारणीतून वाचलेल्या माणसाची पोटदुखी 'ॲसिडिटी' म्हणून गोळीवर घालवू नका. लायपेज करून घ्या.

पैनगंगेच्या पलीकडे २०१७ साली काय झालं ते आठवतंय ना? नांदेड जिल्ह्याला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कापूस त्या वर्षी डोक्याएवढा उंच वाढलेला, हवा दमट, आणि दोन-तीन औषधांची मिश्रणं. म्हणजे मारणारा अक्षरशः धुक्यात उभा. नंतरच्या चर्चेत एक सूर सारखा लागत होता, मजुरांनी हातमोजे, मास्क घातले नाहीत. मला तो सूर तेव्हाही खटकला, आजही खटकतो. ऑगस्टच्या उकाड्यात, अंगावर सोळा लिटरचा पंप घेऊन, जाड रबरी कोट घालून एक एकर फिरून दाखवा, मग बोलू. आणि बाटलीवरचं पत्रक? मी चष्मा लावूनही ते वाचू शकत नाही.

त्यातून आपण या गोष्टीला म्हणतो 'औषध'. औषध मारलं, औषध आणलं, औषध उरलं. विषाला औषध म्हटल्यावर त्यानं त्रास होईल अशी शंका तरी कशी यावी? माझ्या दवाखान्यात मी हा शब्द वापरायचा सोडला. 'कोणतं विष मारत होता?' असं सरळ विचारतो. माणसं आधी दचकतात, मग बाटलीचा रंग सांगतात.

लाळ आणि घाम यांकडे लक्षण म्हणून बघायची गोष्ट आपल्या मराठवाड्याच्याच एका डॉक्टरनं जगाला शिकवली आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या परिसरात काम करत होते. तिथं लाल विंचू चावून पोरं मरत. उलटी, घामाच्या धारा, लाळ, गार पडलेले हातपाय ही हृदय आणि फुप्फुसं बिघडण्याआधीची सूचना आहे हे त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून टिपलं आणि १९८२ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिननं त्यांनी विंचवाचे मृत्यू खूप खाली आणले. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचवाचं विषही नसांना थांबू देत नाही, म्हणून लक्षणं काहीशी सारखी. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादच्या विंचवाच्या दंशानं तर स्वादुपिंडाचा दाह होतो हे १९७० पासून नोंदलेलं आहे. उपचार मात्र दोन्हींचे वेगळे आहेत. विंचवाला ॲट्रोपिन देऊ नये.

आता कामाचं. उन्हानं तोंड कोरडं पडतं, या विषानं तोंड भरून येतं. हा फरक कुणालाही करता येतो, त्याला डिग्री लागत नाही. फवारणी करणारा, त्याला पाणी आणून देणारी, विष कालवणारी, रात्री त्याचे कपडे धुणारी, यांपैकी कुणाच्याही तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, की काम तिथेच थांबवायचं. कपडे उतरवायचे, सगळे. अंग साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायचं, केस आणि नखंसुद्धा. धुणाऱ्यानं हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी. ताक, लिंबू, मिठाचं पाणी, कडुनिंबाचा पाला यातलं काही पाजायचं नाही. उलटी करवायची नाही, कारण ती श्वासनळीत जाते. डाव्या कुशीवर झोपवायचं, १०८ लावायचा, आणि बाटली सोबत आणायची. तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. खालचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. बाटली बघून मला उपचारातला अर्धा तास वाचवता येतो.

एक सावधगिरी. लाळ सुटली नाही म्हणून विष चढलंच नाही असं समजू नका. दुसऱ्या गटांतली कीटकनाशकं लाळ न सुटताही झटके, गुंगी, डोळ्यांची आग देतात. आणि मिश्रण असेल तर काहीही दिसू शकतं.

धोतऱ्याबद्दलही विचारतात. धोतरा खाल्लेल्या माणसाचं तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, हे खेड्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि ॲट्रोपिन त्याच जातीच्या वनस्पतींत सापडतं हेही खरं. पण बीत किती विष आहे हे कुणी मोजलेलं नसतं. आम्ही ॲट्रोपिन देतो ते दर काही मिनिटांनी छातीला आला लावून, फुप्फुसातला घुरघुराट थांबेपर्यंत, मोजून. तोंड सुकलं एवढ्यावर आम्ही थांबत नाही. धोतऱ्यानं विषात विष मिसळतं, बस.

आमच्या डॉक्टर मंडळींना आणि कृषी सेवा केंद्राच्या मालकांनाही दोन शब्द. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत मळमळ घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या बाहुल्या बघा, रानात होतात का हे विचारा. त्याला पैसे लागत नाहीत. आणि दुकानदारांनी बिलाच्या मागे मोठ्या मराठी अक्षरांत एवढं छापावं, 'लाळ सुटली तर दवाखाना.' ज्याच्या रानात मजूर फवारतो त्या मालकानं बांधावर साबण, पाण्याचा ड्रम आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा. पंपापेक्षा स्वस्त पडतो.

गेल्या हंगामात एक बाई नवऱ्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून धरून घेऊन आली. गाडी पुतण्या चालवत होता. नवरा म्हणत होता, काही नाही, उकाड्यानं व्हायलंय. ती म्हणाली, "साहेब, याला बैलासारखी लाळ यायली." त्याला अंघोळ घालून, जुनं धोतर गुंडाळून आणलं होतं, आणि पदराला गुंडाळलेली बाटली तिनं टेबलावर ठेवली. पिवळा त्रिकोण. बाहुल्या टाचणीएवढ्या. पहिलं ॲट्रोपिन दहा मिनिटांत गेलं. चौथ्या दिवशी तो चालत घरी गेला. जाताना तिनं विचारलं, ते रानातले कपडे जाळू का? मी म्हटलं, जाळू नका, धूर लागेल. वेगळ्या बादलीत साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, हातमोजे घालून. पुढच्या वर्षी फवारणीला तेच ठेवा, घरात नका वापरू. तिनं बिलाच्या मागे लिहून घेतलं.